तिसऱ्या आठवड्यात सुटणारा व्यायाम

पत्र: वय ४१. पाचपाखाडीत राहते, ऐरोलीच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. जानेवारीत जिमचे वर्षाचे १४ हजार भरले, तीन आठवडेच जिमला गेले. मे महिन्यात पहाटे साडेपाचला कचराळी तलावावर चालायला लागले. पाऊस आला आणि तेही बंद पडलं. ऑगस्टमध्ये मोबाइलवर एक ॲप घेतलं, पाऊण तासाचे व्हिडिओ, आठवड्याला सहा दिवस. सतराव्या दिवशी सोडलं. वजन ७४ किलो, रक्तातल्या साखरेचा एचबीए१सी ६.१ आलंय आणि डॉक्टर म्हणतात, आत्ताच सावरा. पाचला उठते, झोपायला साडेअकरा होतात. संध्याकाळी सातच्या सुमारास ठाण्याला उतरते, शेअर रिक्षाची रांग धरून घरी यायला पंचवीस मिनिटं जातात. घरी सासूबाई, मिस्टर आणि नववीतला मुलगा. गेल्या महिन्यात मुलाबरोबर येऊरच्या डोंगरावर गेले होते. निम्म्या चढावरच धाप लागून बसले. तो म्हणाला, ‘आई, तू थांब इथंच, मी जाऊन येतो.’ माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? हे मोटिव्हेशन लोक आणतात तरी कुठून?

ताई, नमस्कार.

इच्छाशक्तीचं आधी मिटवून टाकू. पहाटे पाचला उठून डबे भरून, नऊ-दहा नंबर फलाटावरची गाडी गाठून, महिनाअखेरीचे हिशेब वेळेत देणाऱ्या बाईला इच्छाशक्ती नाही असं म्हणायला आम्ही तयार नाही. ती रोज रात्री साडेअकरापर्यंत दुसऱ्या कामांत खर्च होते, म्हणून व्यायामाच्या वाट्याला उरत नाही. तुमचे तिन्ही प्रयत्न पुन्हा पाहिले तर मोडलं कुठं हे स्पष्ट दिसतं.

कचराळीवर साडेपाचला पोचायचं म्हणजे साडेचारला उठून आधी डब्याची तयारी. साडेअकराला झोपणाऱ्या माणसाची ही पाच तासांची झोप झाली. एवढ्या झोपेवर दोन-तीन आठवडे निघतात, पुढे शरीर स्वतःच उठायला नकार देतं. पाऊस आला नसता तरी जूनअखेर ते सुटलंच असतं. जिमची वेळही सकाळचीच असेल तर तिथंही हेच झालं असणार. ॲपचं दुखणं निराळं. आठवड्यातून सहा दिवस पाऊण तास म्हणजे साडेचार तास. ज्या घरात तुम्हाला सलग वीस मिनिटं मोकळी मिळत नाहीत, तिथं हा आराखडा पहिल्या दिवसापासूनच चुकीचा होता. शिवाय एक दिवस चुकला की ही ॲपं साखळी तुटल्याचं दाखवतात, आणि तुटलेली साखळी पाहून पुढच्या दिवसाचाही उत्साह जातो.

तिन्ही वेळा तुम्ही आपल्या सर्वांत चांगल्या दिवसाला झेपेल असा बेत केलात. बेत सर्वांत वाईट दिवसाला झेपणारा हवा: गाड्या उशिरा, पाऊस धो धो, सासूबाईंचे गुडघे दुखताहेत आणि मुलाची उद्या परीक्षा, अशा दिवसाला. या उत्तरात पुढे जे आहे ते तशाच दिवसासाठी आहे.

सुटतं ते तिसऱ्या आठवड्यातच, याला कारण आहे. पहिले दहा-बारा दिवस नवेपणा ओढून नेतो. त्याच काळात मांड्या आंबतात. नव्या व्यायामानंतरचं हे अंगदुखणं एक ते तीन दिवसांत सर्वांत जास्त असतं. मग वजनकाट्यावर उभं राहावं तर काटा तिथंच, कधीकधी अर्धा-एक किलो वरच, कारण नव्याने कामाला लागलेले स्नायू पाणी धरून ठेवतात. चरबी वाढलेली नसते, पण काटा ते सांगत नाही. एवढ्यात घरचं काहीतरी निघतं, पहिला खाडा पडतो, आणि खाड्याचं काय करायचं हे आधी ठरलेलंच नसतं.

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे तुम्हीही ऐकलं असेल. ते विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकानं एक छोटी गोष्ट रोजच्या ठरलेल्या प्रसंगाला जोडायची होती. ती आपोआप व्हायला लागायला निम्म्यांना ६६ पेक्षा कमी, निम्म्यांना जास्त दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब निघाला. पाण्याचा पेला पिण्यासारखी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे सतराव्या दिवशी तुम्ही निम्म्या वाटेवरही नव्हता. त्याला नापास म्हणायचं कशाला?

आता कारणाचं बघू. डॉक्टरांनी ६.१ चा आकडा दाखवून भीती घातली, ती रास्त आहे. ५.७ ते ६.४ ही मधुमेहाच्या अलीकडची पायरी, आणि तिथून मागे येता येतं. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजन उतरवण्याचं लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ च्या भारतीय अभ्यासात ही घट २८ टक्क्यांच्या आसपास होती. तुमच्या बाबतीत सात टक्के म्हणजे पाच किलो. दहा नाही, वीस नाही.

पण भीतीवर रोज चालता येत नाही. एचबीए१सी हा साधारण तीन महिन्यांचा हिशेब असतो, म्हणजे आज चाललात त्याचं फळ डिसेंबरात कळणार. मन तर रोज संध्याकाळी विचारतं की आज मला काय मिळालं? त्याला त्याच दिवशी काहीतरी हातात द्यावं लागतं.

तुमचं कारण तुम्ही पत्रात लिहूनच पाठवलं आहे. आकडे, पैसे, डॉक्टर हे सगळं तुम्ही भराभर उरकलंत आणि येऊरच्या चढावर मात्र थांबलात. मुलगा काय म्हणाला ते शब्दशः लिहिलंत. ‘तू थांब इथंच’ हे लागलंय, आणि ते लागायलाच हवं. तो नववीत आहे. पुढच्या वर्षी दहावी, नंतर कॉलेज. आईला बरोबर ये म्हणायचे दिवस थोडे राहिलेत. तेव्हा लक्ष्य वजनाचं ठेवू नका. लक्ष्य असं ठेवा: डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी उपवनाकडून येऊरचा चढ मुलाबरोबर, जिथं बसलात त्या जागेच्या पुढे, न बसता. उभं राहून श्वास घेतला तरी चालेल. आज तारीख ठरवा आणि मुलाला सांगा. बारा आठवडे हातात आहेत, तेवढे पुरतात.

आता वेळ. तुमच्या दिवसातली खरी मोकळी जागा सकाळी नाही, ती ठाणे स्टेशनवर आहे. रिक्षाची रांग आणि पुढची कोंडी धरून पंचवीस मिनिटं जातात असं तुम्हीच लिहिलंय. स्टेशनपासून पाचपाखाडी दोन किलोमीटरच्या आसपास. ताशी पाच किलोमीटरच्या चालीनं हे पंचवीस मिनिटांचं अंतर, गर्दीत अर्धा तास धरा. म्हणजे चालत आलात तर घरी पोचायला पाचच मिनिटं उशीर. वेगळा वेळ काढावा लागत नाही, कपडे बदलावे लागत नाहीत, कुणाची परवानगी लागत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार हे चालायचे दिवस.

निर्णयाची जागा नीट ओळखून ठेवा. नऊ-दहा नंबरवरून पूल चढून पश्चिमेला उतरलात की पावलं सवयीनं रिक्षाच्या रांगेकडे वळतात. तिथं उभं राहून ‘आज चालू का?’ असा विचार करायचा नाही, कारण दिवसभराच्या दमणुकीनंतर त्याचं उत्तर ‘नको’ असंच येणार. वाक्य आधीच ठरलेलं हवं: सोम, बुध, शुक्रला पुलावरून उतरले की तलावपाळीच्या दिशेनं चालू पडायचं. अमकं झालं की तमकं करायचं, असं प्रसंगाला बांधलेलं ठरवणं नुसत्या ‘मी चालणार’पेक्षा पुष्कळ टिकतं, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाचं काम १९९९ पासून अनेकांनी पडताळून पाहिलं आहे. स्टेशनजवळ गर्दीमुळे चाल पडत नाही, त्यानं वैतागू नका. तलावपाळीपर्यंत जमेल तसं या, तिथून पुढे वेग धरा. वेग किती? बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका. फोनवर बहिणीशी आरामात तासभर गप्पा होत असतील तर चाल कमी आहे. चार शब्दांवर श्वास तुटत असेल तर जास्त आहे.

या चालण्याचे दोन शत्रू आहेत, भूक आणि चपला. दुपारी एकला जेवलेलं माणूस सातला ठाण्याला उतरतं ते भुकेलेलं असतं. भुकेला घरी लवकर पोचायचं असतं, नाहीतर वाटेतल्या वड्याच्या कढईपाशी थांबायचं असतं. म्हणून ऑफिसातून निघताना, सहाच्या सुमारास, मूठभर फुटाणे, साधारण तीस ग्रॅम, आणि पेलाभर ताक किंवा पाणी. हे वजन कमी करण्यासाठी नाही, चालणं टिकवण्यासाठी आहे. संध्याकाळचा दुसरा चहा बिनसाखरेचा करता आला तर उत्तमच. खाण्याबद्दल सध्या एवढंच. तुमच्या दिवसात एकाच वेळी व्यायाम आणि पथ्य दोन्ही सुरू केलं तर दोन्ही सुटायची भीती आहे.

चपलेत दोन किलोमीटर चालून टाच धरते आणि आठवड्यात कारण मिळतं. बूट ऑफिसमध्येच पायात असू देत, किंवा तिथं टेबलाखाली ठेवून निघताना घाला. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच वर-खाली सरकता कामा नये. पाऊस ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आहेच, तेव्हा दुसरा साधा जोड लागेल. भिजलेले बूट रात्री आतला तळवा काढून, वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, झोपण्याआधी एकदा कागद बदला. ठाण्याच्या पावसात चालणं बंद पडतं ते बहुतेकदा सकाळी पायात घालायला कोरडे बूट नसतात म्हणून. लॅपटॉपची पिशवी एका खांद्याला लावू नका; दोन पट्ट्यांची सॅक घ्या, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात मान धरेल.

चालणं पुरेसं आहे का? साखरेसाठी त्याला स्नायूंच्या व्यायामाची जोड हवी. स्नायू रक्तातली साखर वापरतात, आणि चाळिशीनंतर ते हळूहळू कमी होत जातात. जागतिक आरोग्य संघटनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम सांगते. मंगळवार आणि शनिवार त्यासाठी ठेवा, आणि वेळ कुकरला बांधा. मंगळवारी रिक्षानं या, हातपाय धुऊन कुकर चढवा. गॅसवर दहा मिनिटं आणि वाफ उतरायला दहा, अशी वीस मिनिटं तुम्ही एरवी ओट्याशी काही ना काही करत घालवता. त्यातली बारा मिनिटं हॉलमध्ये या.

जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची नको, फरशीवर ती मागे सरकते. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसा, पावलं खांद्याएवढी फाकवून, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर घडी. पुढे झुकून टाचांवर भार देत उठा, आणि मग तीन आकडे मोजत सावकाश बसा. धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण खाली येतानाही मांड्यांना काम पडतं. असं आठ वेळा. गुडघे आत वळत असतील तर मुद्दाम बाहेर ढकला. गुडघा दुखला तर खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. मग भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, तळवे छातीच्या उंचीवर टेकवून भिंतीवरचे जोर, आठ. मग मुलाच्या जुन्या दप्तरात चार किलो तांदूळ घट्ट बांधून भरा. एक हात टेबलावर टेकवा, पाठ सपाट ठेवा, दुसऱ्या हातानं दप्तर कमरेपर्यंत ओढा, प्रत्येक हाताला आठ. शेवटी ओट्याला धरून टाचा उचला, बारा वेळा. मिनिटभर थांबून हे सगळं पुन्हा एकदा. एवढंच. दर आठवड्याला प्रत्येकातला एक आकडा वाढवा. पंधरा सहज व्हायला लागले की खुर्चीतून उठताना दप्तर छातीशी धरा, आणि जोर भिंतीऐवजी ओट्यावर घ्या. सूर्यनमस्कार येत असतील आणि आवडत असतील तर शनिवारी त्यांचे सहा घाला. मनगटं आणि गुडघे कुरकुरत नाहीत ना, एवढं बघा.

मांडी आंबणं आणि इजा यांतला फरक लक्षात ठेवा. आंबलेलं दुखणं दोन्ही बाजूंना, पसरलेलं आणि हालचालीनं सैल होणारं असतं. एका ठिकाणी टोचणारं, सांध्यात होणारं, चालताना वाढणारं दुखणं असेल तर थांबा.

रात्री जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत दहा मिनिटं सोसायटीत शतपावली. ही सावकाश असली तरी चालते. जेवणानंतर चढणारी साखर तिनं खाली राहते. मिस्टरांना बरोबर न्या. दिवसभरात दोघांचं बोलणं व्हायला तेवढीच दहा मिनिटं मिळतात.

पहिले चार आठवडे इतकंच, जास्तीचा उत्साह आला तरी. चार आठवड्यांनंतर रविवारी सकाळी, साडेपाचला नाही, सात वाजता, कचराळीवर चाळीस मिनिटं. तीच जागा, पण झोप पूर्ण झाल्यावर. आठव्या आठवड्यानंतर गुरुवारीही स्टेशनवरून चालत या. तीस-तीसचे चार आणि रविवारचे चाळीस, मिळून १६० मिनिटं झाली. येऊरसाठी सहाव्या आठवड्यापासून शनिवारी जिनाही घ्या: चार मजले चढून लिफ्टनं खाली, असं तीनदा. जिना उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून उतरायला लिफ्ट.

आता वाईट दिवसाचं. प्रत्येक दिवसाला एक ‘किमान’ ठरवून ठेवा. चालायच्या दिवशी पाऊस कोसळतोय, गाडी उशिरा आली: सरळ रिक्षा करा, पण इमारतीखाली उतरल्यावर लिफ्टकडे न जाता जिन्यानं चार मजले चढा, लिफ्टनं खाली या, पुन्हा चढा. सहा-सात मिनिटं. घरात शिरून सोफ्यावर टेकायच्या आधी हे व्हायला हवं. टेकल्यावर होत नाही. मंगळवार-शनिवारचं किमान म्हणजे खुर्चीतून आठदा उठणं आणि भिंतीवरचे आठ जोर, चार मिनिटांत संपतं. किमान केलं की तो दिवस झाला. त्यावर ‘थोडंसंच केलं’ असं म्हणत हळहळू नका. रोजच्या दिनक्रमातली ती जागा रिकामी पडू नये, एवढंच काम किमानाचं असतं, आणि ते फार मोठं काम आहे.

नोंद ॲपमध्ये नको. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ठेवा. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख ज्या चौकोनांत लिहिता, तिथंच ठरलेला व्यायाम झाला तर गोल, किमान झालं तर टिंब. साखळी मोजायची नाही, महिन्याचे चौकोन मोजायचे. आठवड्याला पाच म्हणजे चार आठवड्यांत वीस. त्यांतले सोळा भरले, टिंबं धरून, तर महिना उत्तम गेला. ही नोंद घरातल्या सगळ्यांच्या नजरेखाली राहते, तिचा फायदा वेगळाच. एखाद्या बुधवारी सासूबाईच विचारतील, आज गोल की टिंब?

वजन आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी, पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी. त्यापेक्षा कंबर मोजा, पंधरा दिवसांतून एकदा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध फीत धरून, श्वास सोडल्यावर. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. आणि रोजचं मोजमाप ठाण्याच्या पुलावर आहे. पायऱ्या संपल्यावर एक पूर्ण वाक्य दम न लागता बोलता येतं का? आज येत नसेल. चौथ्या-पाचव्या आठवड्यात बहुतेक येईल, वजनकाटा हलायच्या आधी. मनाला त्याच दिवशी द्यायची वस्तू हीच. दहा हजार पावलांच्या मागे लागू नका. तो आकडा १९६५ च्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून आला, कुठल्या वैद्यकीय चाचणीतून नाही.

घरच्यांकडे ‘मला सहकार्य करा’ असं मागू नका. त्यावर सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. नेमकं मागा: सोमवार, बुधवार, शुक्रवार सव्वासातला कुकर मुलगा लावेल. डाळ-तांदूळ सकाळी मोजून ठेवा, पाणी किती आणि शिट्ट्या किती हे फ्रिजवर लिहा. नववीतल्या मुलाला कुकर लावता येतो, आणि यायलाच हवा. पहिल्या आठवड्यात भात एकदा गिजगा होईल, तो सगळ्यांनी खायचा. यावर आम्ही थोडे हट्टी आहोत, कारण बायकांच्या व्यायामाची गाडी अडते ती बहुतेकदा इथं. तो अर्धा तास कुणीतरी उचलून धरल्याशिवाय तुमचा होत नाही, आणि त्याला नाव मात्र तुमच्या आळसाचं पडतं.

खाडे पडणारच. नवरात्र काही आठवड्यांवर आलंय. उपवासाच्या दिवशी किमान ठेवा, आणि गरबा खेळलात तर सरळ गोल काढा, तो व्यायामच आहे. दिवाळीत फराळाच्या आठवड्यात ओट्याशी उभं राहून पाय जातात, तेव्हाही किमान. पाळीच्या पहिल्या दोन दिवसांत जमेल तेवढं. ताप आला तर पूर्ण थांबा; उतरून दोन दिवस झाले की निम्म्यापासून सुरू करा. डेंग्यू किंवा त्याच्यासारखा काही ताप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आठवडाभराचा खंड पडला तर परतायचा पहिला दिवस किमानाचाच. गेलेलं भरून काढायला त्या दिवशी दुप्पट करू नका, दुसऱ्या दिवशी अंग इतकं आंबतं की पुन्हा खंड पडतो. दोन-तीन आठवडे गेले तर आकडे दोन आठवडे मागचे घ्या.

एक गोष्ट सुरू करण्याआधी. ज्या कंटाळ्याला तुम्ही इच्छाशक्तीचा अभाव म्हणता, तो कधीकधी रक्तातला असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. चढावर लवकर धाप लागणं हे त्याचंही लक्षण आहे. हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच आणि बी-१२ एवढ्या तपासण्या डॉक्टरांना विचारून याच आठवड्यात करून घ्या. हिमोग्लोबिन नऊ असताना कुणीही कितीही उमेद दिली तरी पाय उचलत नाहीत. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चक्कर यांतलं काही झालं तर तिथंच थांबून दवाखाना गाठायचा. आणि झोप: साडेअकराचे अकरा करता आले तर बघा. सकाळची भाजी रात्री चिरायचं काम मिस्टरांकडे गेलं तर होतील.

राहिले जिमचे १४ हजार. ते गेले असं धरून चाला. ‘पैसे भरलेत, जायला हवं’ या टोचणीनं त्या तीन आठवड्यांनंतर तुम्हाला जिमपर्यंत नेलं नाही, उलट तिच्यामुळे घरचा चार मिनिटांचा व्यायाम क्षुल्लक वाटत राहिला. वर्ष संपायला तीन महिने आहेत. सदस्यत्व काही महिने थांबवून पुढे वापरता येतं का, हे एकदा विचारा. बऱ्याच ठिकाणी तशी सोय असते. मिळालं तर जानेवारीपासून शनिवारचा व्यायाम तिथं हलवा, तोवर दप्तरातले तांदूळ कमी पडायला लागलेले असतील.

आणि डिसेंबरच्या त्या रविवारी सकाळी सातच्या आत उपवनाला पोचा, उन्हं चढायच्या आधी. माणशी लिटरभर पाणी, दोन केळी, थोडे शेंगदाणे-गूळ. पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू चाला. मागच्या वेळी तुम्ही मुलाच्या चालीनं सुरुवात केली असणार, आणि निम्म्यावर धाप लागते ती बहुतेकदा त्यामुळेच. चढावर पुढे तुम्ही आणि मागे तो. वेग तुमच्या श्वासाचा.

एचबीए१सी त्याच आठवड्यात पुन्हा करा आणि दोन्ही आकडे कळवा, प्रयोगशाळेचा आणि चढावर किती पुढे गेलात तो.

तुमच्या पत्राची वाट बघतो.